रागाचं कूळ

"जाणार नाही म्हणजे नाही! आणि माय, तुम्ही याला राग म्हणू नका."

"मग काय म्हणू? प्रसाद?"

प्राध्यापक विद्याधर मिराशींनी तोंड नदीकडे फिरवलं.

वैनगंगेच्या काठी गोदूमायचा लहानसा आश्रम होता. घाटाच्या पायऱ्यांवर सकाळपासून गुरुशिष्यांची जुंपली होती. मिराशी इंग्रजीचे. मनाच्या दुखण्यांना इंग्रजीत जेवढे शब्द आहेत, तेवढ्यांची कुळं खणून त्यांनी जाडजूड कोश केला होता. गोदूमाय शाळेची पायरी चढली नव्हती. मराठी न् इंग्रजी, दोन्ही वाचायला आपली आपण शिकली होती. कोश तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला आणि "जड आहे" एवढंच म्हणाली. ते मिराशींना अजून लागलेलं होतं.

आज पलीकडच्या काठावर त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. थोरला भाऊ मोरेश्वर काल स्वतः येऊन अक्षता मायजवळ ठेवून गेला. मिराशी तेव्हा खोलीचं दार लावून बसले होते.

"आई गेली, मी वाटेत होतो," ते म्हणाले. "आणि यानं अग्नी देऊन टाकला. घटकाभर थांबला नाही, माय."

"वैशाख होता बापा. त्या उन्हात देह किती ठेवणार?"

"असू दे!"

मायने पाण्यातून गोधडी ओढून काढली.

"धर ते टोक. पीळ. आणि पिळता पिळता सांग, राग नाही तर काय आहे?"

"रिझेंटमेंट. मनात धरलेली अढी." मिराशींचा आवाज वर्गातला झाला. "फ्रेंचमधून आला. मूळ अर्थ, पुन्हा जाणवणं."

"पुन्हा काहून? एकदा जाणवून भागलं नाही?"

मिराशींनी गोधडीला पीळ दिला. मायने उलटा दिला. पाण्याची धार लागली.

"आणि तुझा तो रॅथ? तोही रागच ना?"

"तो वेगळा. त्याच्या मुळाशी पिळणं आहे, मुरडणं. माझं तसं काही नाही."

असं म्हणून त्यांनी असा पीळ घातला, की मायची मनगटं कळवळली.

"दिसतंच आहे."

"आणि पश्चात्ताप, रिमोर्स, म्हणजे पुन्हा चावणं. तो चावायचा तर मोरूदादाला चावायला हवा. मला का?"

"बरं, तो साधा अँगर राहिला. शेंबडं पोरही म्हणतं, तो."



"...तो युरोपच्या उत्तरेकडच्या लोकांचा. नॉर्स भाषेतला."

"अर्थ सांग."

"...शोक."

"म्हणजे राग आधी रडत होता."

मिराशींनी आपलं टोक आणखी घट्ट धरलं. 

मायने हातातलं टोक सोडून दिलं.

गोधडी गरकन फिरली. एक पीळ सुटला, दुसरा सुटला, पाणी मिराशींच्या पायजम्यावर उडालं, आणि पायरीवर ती सरळ पडून राहिली. तिच्यावरचे लाल-निळे तुकडे सगळे दिसू लागले.

"अहो माय, सोडलीत काय!"

"सोडली."

"मळली ना!"

"धुईन."

मिराशी बघत राहिले. उलगडायला त्यांनी काहीच केलं नव्हतं.

"...तुमचं टोक उचलून देऊ?"

"तू तुझं खाली ठेव आधी."

 खाली नावाड्याने वल्हं पाण्यात घातलं, पलीकडे जाणाऱ्यांना हाक दिली. मिराशींनी वाकून आपलं टोक पायरीवर ठेवलं. हात धुतले. अक्षतांची पुडी मागून घेतली, खिशात घातली, आणि नावेकडे निघाले.

मग परत आले. एवढा मोठा माणूस, पण चेहरा शाळेच्या दाराशी उभ्या केलेल्या पोरासारखा.

"माय... तिथे जाऊन बोलू काय? इतकी वर्षं झाली. कोणत्याच भाषेतला शब्द सुचत नाही."

माय गोधडी पाण्यात बुचकळत होती. तिने मान वर केली नाही.

"‘वहिनी, भूक लागली,’ म्हण."