कॉम्प्युटरमधले चार शनी

नेट पुन्हा गेलं होतं आणि ऑफिसची मीटिंग तोंडावर आली होती. राउटर बंद-चालू करकरून मी थकले. शेवटी कॉम्प्युटरची सेटिंग उघडली. डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा, त्याच्या रकान्यात मी चार आठ भरले होते. तिथे आता चार सात होते.

"अण्णा, हे तुम्ही बदललंत?"

माझे सासरे अख्ख्या सोसायटीच्या पत्रिका बघतात. झोपाळ्यावरूनच म्हणाले, "मीच. आठ हा शनीचा आकडा. एक शनी सोसवत नाही, तू घरात चार बसवलेस! पुन्हा आठ दिसता कामा नये."

भांडायचं त्राण माझ्यात नव्हतं.

"अण्णा, शिंगणापुरात घरांना दारं का नसतात हो?"

"शनिदेव राखण करतात. दार लावायचं कशाला?"

"तेच तर. चार शनी होते तोवर आपल्याला सगळी दारं उघडी होती. तुम्ही त्यांना उठवलंत, आता एकूण एक दार बंद."

अण्णांचा झोपाळा थांबला.

"बसव परत," असं पुटपुटत ते आत गेले.

मीटिंग सुरू झाली, तेवढ्यात ते वाटी घेऊन माझ्यामागे उभे.

"वैजू, याच्यावर तेल कुठून वाहायचं?"