सहा एमएमची प्लेट

"उस्ताद, ह्या तिन्हीतली टिकंल कुठली?"

दौलत कोकरेने हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्या दोन्ही वेळा बाबालाल मिस्त्रींनी चहाच्या कपाकडे पाहिलं होतं. या वेळी त्यांनी प्लेटांकडे पाहिलं, एवढाच काय तो फरक.

घाटाच्या पायथ्याशी, फाट्यावर मिस्त्रींचं पत्र्याचं वर्कशॉप आहे. त्यांचे वडील तिथे बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवायचे. मिस्त्रींच्या काळात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या, पाण्याचे पंप आले. दौलत तिथेच सात वर्षं शिकला होता आणि गेल्या चार महिन्यांत तिकडे एकदाही फिरकला नव्हता.

आता आला होता तो तीन प्लेटा घेऊन. एटीव्हीच्या, म्हणजे चार जाड चाकांच्या मोटरसायकलच्या, बुडाला, इंजिनाच्या खाली बसवायच्या, खडकावर इंजिन आपटू नये म्हणून. शहरातल्या दुकानदाराने जे सांगितलं होतं ते त्याने घडाघडा म्हणून दाखवलं.

"ही अॅल्युमिनियमची. वजनाला हलकी, पर जोराचा दगड बसला की वाकती. ही पोलादाची. जड हाय, पर वाकायचं नाव न्हाई. आन् ही काळी प्लास्टिकची. दगडावरनं घसरती म्हनं. ती त्यानं गळ्यातच मारली."

"गाडी कुठं हाय?"

"भाईर. टेम्पोत घालून आणलीया."

"टेम्पोत? सड्यावर न्हेत न्हाईस?"

"न्हाई."

"मग वाड्यावरच्या माणसांचं कसं?"

"झोळीत घालून आणत्यात... पैल्यासारखं."

मिस्त्रींनी दाराबाहेर, घाटाकडे पाहिलं.

घाट चढून गेलं की वर सडा लागतो. नुसता काळा खडक, आठ किलोमीटर. पलीकडच्या टोकाला दौलतच्या भावकीचा धनगरवाडा. तिथे जीप जात नाही, मोटरसायकल गेली तर धड परत येत नाही. पर्यटकांना फिरवून फिरवून खिळखिळी झालेली एक एटीव्ही दौलतने आणली, उस्तादांच्या हाताखाली ती दुरुस्त केली, आणि वाड्यावरच्या बाळंतिणी, तापाने फणफणलेली पोरं, पाय मोडलेले म्हातारे तो खाली आणू लागला. बाया तिला घोडी म्हणायच्या. हळदकुंकू लावायच्या.

घोडीच्या बुडाची प्लेट दौलतने स्वतः बनवली होती. सहा एमएमचं पोलाद, कडा वर वळवलेल्या, चारी बाजूंनी चॅसीला वेल्ड केलेली.

"बोल्टानं बसव," मिस्त्री तेव्हा म्हणाले होते. "आन् भोकं पाड."

"भोकं पाडली की ताकद जाती, उस्ताद."

वेल्डिंगची शिवण इतकी देखणी आली होती की पठ्ठ्याने तिचा फोटो काढून मोबाइलवर लावला. देवाच्या फोटोच्या जागी! दोन वर्षं खडकावर घासली तरी प्लेटीला पोचा नाही. भेटेल त्याला दौलत म्हणायचा, वाक की जरा, खाली बघ की. लोक बिचारे वाकायचे.

मग चैत्रात मिस्त्री वाड्यावरचा पंप दुरुस्त करायला वर गेले. दुपारी त्यांच्या हातातला पाना गळून पडला आणि तोंड वाकडं झालं. दौलतने त्यांना पुढे बसवलं, घोंगड्याने स्वतःच्या पोटाशी बांधलं आणि घोडी पिटाळली.

निम्म्या सड्यावर इंजिन जाम झालं.

प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये एक खडा जाऊन बसला होता, सुपारीएवढा. किती दिवस, कोण जाणे. त्याने ऑइलचा पाइप घासून घासून फोडला. सगळं ऑइल प्लेटीत साचत राहिलं आणि खाली थेंबसुद्धा पडला नाही. पडला असता तर सकाळीच दिसला असता. आणि खडा काढायचा म्हटलं तरी प्लेट कापायला ग्राइंडर हवा. सड्यावर वीज कुठली?

उरलेला सडा आणि सगळा घाट दौलतने उस्तादांना पाठीवर घेऊन पार केला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता."

तेव्हापासून दौलतला झोप अशी नव्हती.

तो हात आता मिस्त्रींच्या मांडीवर पडला होता. उजवा. ज्याने दौलतला पहिल्यांदा वेल्डिंगचा चिमटा धरायला शिकवलं तोच. दौलत पत्र्याकडे बघत होता, भट्टीकडे बघत होता, सगळीकडे बघत होता, त्या हाताकडे सोडून. तरी दिसायचं ते दिसलंच. शर्टाची साधी बटणं काढून मिस्त्रींच्या बायकोने, झैनबचाचीने, एका हाताने लागणारी टिचबटणं लावली होती.

चाचीने चहाचा कप दौलतपुढे ठेवला. "आलास व्हय रं? लई वाळलास," म्हणाली आणि आत गेली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"जुनी कुठं हाय?" मिस्त्रींनी विचारलं.

दौलतने कप बाजूला सरकवला.

"टाकून दिलीस?"

"...न्हाई."

"मग आण की."

ती टेम्पोतच होती, पोत्याखाली. चार महिन्यांत भंगारवाला दोनदा दारावरून गेला होता, पण दौलतच्याने ती काही देववली नव्हती. त्याने प्लेट आणून जमिनीवर ठेवली. कडेला ग्राइंडरने कापल्याच्या खुणा होत्या. बाकी पोचा नाही.

मिस्त्रींनी डाव्या हाताने आपला कप उचलला आणि त्यातला चहा प्लेटीत ओतला.

चहा प्लेटीत पसरला आणि तिथेच राहिला. दोघं बघत बसले. बाहेरून एक एसटी गेली, पत्रे थरथरले, चहा हलला, पण एक थेंब खाली आला नाही.

"चांगली बनवली हुतीस," मिस्त्री म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. दौलतने सात वर्षं या माणसाचे टोमणे खाल्ले होते, त्याला फरक कळत होता. म्हणूनच त्याला ते सोसवेना.

"शिव्या द्या, उस्ताद. काय बी बोला. तुमी सांगितलं हुतं आन् मी..."

"सांगितलं हुतं."

"मग?"

"मग तू बसवलीस. मला बघायला बोलावलंस. मी वाकून हात फिरवला..." मिस्त्री थांबले. शब्द त्यांच्या तोंडात अजून अडखळत होते. "शिवण बघून मला बी बरं वाटलं. माझ्या हाताखालचा पोरगा, असं वाटलं. आन् मी गप बसलो."

चार महिने तो या दोषाचा एकटाच मालक होता. त्यात कुणी वाटेकरी निघेल असं त्याच्या स्वप्नातही नव्हतं, आणि निघाला तर हा. त्याला रडू आलं, तसा तो रडला. मिस्त्रींनी त्याला रडू दिलं.

मग म्हणाले, "बसव."

"कुठली?"

"कुठली बी."

दौलतने डोळे पुसले, घोडी टेम्पोतून उतरवली, ठोकळ्यांवर चढवली. आणि सवय बघा माणसाची, हात गेला तो पोलादाकडेच. या वेळी मात्र त्याने बोल्ट घेतले. आठ. पान्याला पाइप लावून, अंगातलं सगळं बळ घालून आवळले.

"झालं, उस्ताद. आता हलायची न्हाई."

मिस्त्री उठले. भिंतीला धरत, डावा पाय टाकत, उजवा ओढत ते गाडीपाशी आले. "पोतं आथर," म्हणाले.

"उस्ताद, तुमी कशाला..."

"आथर."

दौलतने पोतं अंथरलं आणि त्यांना धरून आडवं केलं. आतून चाचीने काय चाललंय म्हणून विचारलं, पण तिला कुणी उत्तर दिलं नाही. मिस्त्री पाठीवर सरकत गाडीखाली गेले आणि त्यांनी डावा हात बाहेर काढला. दौलतने त्यात पाना दिला.

पाना बोल्टावर बसला. घसरला. पुन्हा बसला. हाताच्या शिरा तट्ट फुगल्या, कपाळाला घाम आला. बोल्ट काही हलला नाही. उजवा हात पोत्यावर जसाच्या तसा होता आणि आता दौलतला त्याच्याकडे बघावंच लागलं.

बराच वेळ गेला. मिस्त्रींनी पाना छातीवर ठेवला आणि डोळे मिटले.

दौलत उभा राहिला. त्याला सड्यावरचा खडक आठवला, तापलेला. त्या दुपारी त्याच्याकडे एक पाना होता, पाठीमागे बांधलेला. नुसता एक पाना, आणि तो लावायला एकही बोल्ट नाही.

त्याने पोलादी प्लेटीचे आठही बोल्ट स्वतः काढले, तिला दोन्ही हातांवर झेलत बाजूला केलं. काळी प्लास्टिकची प्लेट घेतली. ड्रिलने तिला भोकं पाडली. ऑइलच्या टाकीखाली एक, पाइपाखाली दोन, मागे पाणी निघायला आणखी चार. सड्यावरचे खडे अडकू नयेत म्हणून पुढची कड चॅसीला भिडवून घेतली. मग चारच बोल्ट, स्प्रिंग वॉशर घालून, बेताने आवळले. मिस्त्री तोवर गाडीखाली तसेच पडून होते. दौलत काम करत होता आणि ते वर बघत होते, पूर्वी असायचे तसेच.

"बघा, उस्ताद."

डावा हात पुन्हा बाहेर आला.

पहिल्या बोल्टाला वेळ लागला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मिस्त्री दमले, थांबले, दौलत पुढे झाला तशी त्यांनी मान हलवली. तो मागे सरला. त्याचे स्वतःचे दोन्ही हात नुसते लोंबत होते, आणि त्याला त्यांची लाज वाटत होती.

चौथा बोल्ट टिंग करून पडला. मागोमाग प्लेट सुटली आणि मिस्त्रींच्या छातीवर हलकेच येऊन पडली. तिच्या भोकांतून धूळ त्यांच्या पांढऱ्या दाढीवर सांडली.

"पडली की हो, उस्ताद..."

मिस्त्री खालून त्याच्याकडे बघत राहिले.

"पडली न्हवं?" ते म्हणाले. "मग ही टिकंल."