सावळपेठेची मुकी आई

बसा मंडळी, सावलीत बसा. आधी एक विचारतो. परक्या गावात तुम्हांला तूप घ्यायचे आहे. विकणारा म्हणतो, माझे तूप उत्तम. ठेवाल विश्वास? आणि समोरचा दुकानदार, जो स्वतःही तूपच विकतो, तो म्हणाला की तूप त्या पहिल्याकडचेच घ्या, तर? पाहा, कसे थबकलात. आमच्या सावळपेठेचा अख्खा बाजार या थबकण्यावर उभा आहे.

ती वेशीवरची चिंचेखालची शेंदरी मूर्ती पाहिलीत का? डोळे आहेत, नाक आहे, नाकात नथ आहे. तोंड मात्र नाही. हिला आम्ही मुकी आई म्हणतो. दर अवसेला आमची दुकाने बंद असतात. त्या दुपारी किराणावाला, कापडवाला, मोबाइल दुरुस्त करणारा, ब्युटी पार्लरवाल्या बाई, असे आम्ही सगळे हिच्यासमोर सतरंजीवर जमतो. चहा होतो, मध्ये फुटाण्यांचे ताट असते. नियम असा की आपल्या मालाबद्दल अवाक्षर काढायचे नाही. बोलायचे ते दुसऱ्याच्या मालाबद्दल, तेही स्वतः वापरलेल्या. ज्याची जीभ आपल्या दुकानाकडे वळली, त्याच्या तोंडात शेजाऱ्याने मूठभर फुटाणे कोंबायचे. मागे तालुक्याहून एक इन्व्हर्टरवाले आले होते, खिशात कार्डांची चळत घेऊन. जाईपर्यंत पावशेर फुटाणे त्यांच्या पोटात गेले. शेवटी आम्हीच त्यांना ओवा दिला.

ही रीत कशी पडली ते वाडवडिलांनी सांगितले तसे सांगतो. पदरची भर घातलेली नाही. थोडीफार आजोबांनी घातली असेल, तर ती तशीच ठेवली आहे.

फार पूर्वी इथला बाजार पंचक्रोशीत मोठा होता, आणि इथल्या बाजारकऱ्यांची तोंडे त्याहून मोठी होती, असे सांगतात. स्वतःच्या मालाची थोरवी सगळेच गातात, त्याचे कोणाला नवल नाही. पण इथे रीत अशी की आधी शेजाऱ्याचा माल पाडायचा. गूळवाला सांगे, पलीकडच्या गुळात माती आहे. पलीकडचा सांगे, याच्यात गूळच नाही. आणि दोघेही वेशीवरच्या आईची शपथ घेत. तिला तेव्हा तोंड होते म्हणे, चांगले हसरे. रोज एकमेकांना खोटे पाडणाऱ्या शपथा ऐकून तिचे हसू कसे टिकले, हाच खरा चमत्कार.

त्या बाजारात कोंडाबाई नावाची तेलीण होती. नवरा वारलेला. घाणा आणि एक म्हातारा बैल एवढाच संसार. तिच्या समोरच निंबाजी तेल्याचा घाणा होता. दोघांत बोलणे नव्हते. जे काय बोलायचे ते गिऱ्हाइकाला ऐकवायचे.

"समोरच्या तेलात दिवा लावलात तर देव खोकतो," असे कोंडाबाई म्हणायची.

"आणि तिच्या तेलात लावला तर देव उठूनच जातो," निंबाजी म्हणायचा.

असे चालले होते. मग देशमुखांच्या घरी लेकीचे लग्न निघाले. कारभारी विसाजीपंत रिकाम्या बैलगाड्या घेऊन खरेदीला आले. दिवसभर दुकानोदुकानी फिरले. प्रत्येकाने त्यांना बाजूला घेऊन, अगदी कानात, दुसऱ्याच्या मालाचे खरे काय ते सांगितले. दिवस मावळताना पंत रिकाम्याच गाड्या घेऊन परत गेले. देशमुखांनी विचारले, तर म्हणाले, "सरकार, बाजार मोठा आहे, पण बाजारकऱ्यांच्याच सांगण्यावरून त्यात घेण्यासारखं काही नाही."

देशमुख हिशेबी माणूस. त्यांनी हुकूम काढला की असा बाजार ठेवायचा कशाला? पुढच्या आठवड्यापासून बाजार नदीपलीकडे बोरमळ्याला भरेल. पंतांनी येऊन दवंडी तेवढी पिटायची.

बातमी आधीच फुटली. बाकीच्यांना तिचे फारसे वाटले नाही. पाल उपटायचे, गाडीत टाकायचे, की निघाले. पण घाणा जमिनीत पुरलेला. तो उपटला तर घाणा राहत नाही, लाकूड राहते. बाजार गेला तर कोंडाबाईचे तेल कोण घेणार? दिवेलागणीला ती आईसमोर जाऊन बसली.

"आई, बाजार इथं राहू दे," ती म्हणाली. "राहिला तर माझ्या तेलाचं नाव मी माझ्या तोंडानं घेणार नाही."

बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आले, असे सांगतात, की नवस चांदीच्या डोळ्यांचा बोलायला हवा होता. तो स्वस्त पडला असता.

दुसऱ्या दिवशी पंत दवंडीवाल्याला घेऊन आले. उन्हाचे आले होते, म्हणून कोंडाबाईच्या ओट्यावर जरा टेकले. सहज विचारले, "बाई, देवघरात लावायला तिळाचं तेल हवं होतं. तुझं कसं आहे?"

आता आली का पंचाईत? जन्मभराची सवय. शब्द जिभेवरून ओठांवर आला. पण नवस अजून पुरा झालेला नसला तरी आईला आगाऊ द्यावे, असा व्यापारी विचार तिने केला. समोर फुटाण्यांची टोपली होती. तिने मूठभर फुटाणे तोंडात कोंबले आणि हाताने समोर बोट दाखवले. निंबाजीच्या घाण्याकडे.

पंत चक्रावले. उठून समोर गेले. "निंबाजी, कोंडाबाईनं पाठवलंय. तेल तुझ्याकडून घ्या म्हणते."

निंबाजीचा हात थांबला. "कोण म्हणतं?"

"ती समोरची."

निंबाजीने समोर पाहिले. कोंडाबाई गाल फुगवून चावत होती आणि मान डोलावत होती. ही बया माझ्याकडे गिऱ्हाईक पाठवते? यात काहीतरी काळेबेरे आहे. आणि मग त्याला आठवले, की त्याचे तिळाचे तेल या खेपेस जरा खवट झाले आहे. हिला वास लागला वाटते! ते तेल देशमुखांच्या देवघरात जायचे, भर लग्नात धूर व्हायचा, आणि आपले नाव बुडायचे. केवढा हा डाव!

म्हणून त्या डावातून सुटण्यासाठी निंबाजीने, आयुष्यात पहिल्यांदा, गिऱ्हाइकाला खरे सांगितले. "पंत, करडईचं म्हणाल तर माझं न्या, डोळे मिटून न्या. पण तिळाचं आत्ता खवटलंय. ते तिचंच घ्या. ती तीळ उन्हात नीट वाळवते, मी रोज बघतो."

हे ऐकून कोंडाबाईला ठसका लागला. पंतांनी दवंडीवाल्याला सांगितले, "तू जरा बस."

बाजारात बातमी पसरायला किती वेळ लागतो? पंत दोन्ही घाण्यांवरून तेल घेऊन बाजारात पुढे निघाले, ते खुशीत, हे सगळ्यांनी पाहिले. का खुशीत, तेही कळले. आणि मग जे बाजारकरी निंदेत एकमेकांना हार जात नव्हते, ते स्तुतीतही हार जाईनात. गूळवाल्यांनी एकमेकांचा गूळ वानला. साळी म्हणाला, कोष्ट्याचे काठ पाहा. कोष्टी म्हणाला, साळ्याचा पोत पाहा. कोणी आधी स्तुती केली यावरून दोघांची जुंपलीसुद्धा.

गुलाबशेट वाणी मात्र सगळ्यांच्या पुढे गेला. त्याचा मेहुणा भडभुंजा होता. गुलाबशेट म्हणाला, "पंत, माझ्या मेहुण्याचे फुटाणे खाऊन बघा. आईशप्पथ, खडा निघाला तर नाव बदलीन." स्वतः त्याने ते फुटाणे कधी चाखले नव्हते, घरातला माल म्हणून फुकट मिळायचा, तोही तो इतरांना वाटून टाकायचा.

पंतांनी चार फुटाणे तोंडात टाकले. कडकन आवाज झाला. पंतांनी गालाला हात लावला आणि दुसऱ्या हाताने दवंडीवाल्याला उठायची खूण केली.

सगळा बाजार गार. गुलाबशेट धावतच आईपाशी गेला. "आई साक्ष आहे, काल खडा नव्हता," असे म्हणत शपथ घ्यायला त्याने मूर्तीच्या मुखावर हात ठेवला आणि तसाच मागे घेतला. मुख नव्हते. नाकाखाली दगड गुळगुळीत. लोक जमले, एकेकाने बोट फिरवून पाहिले. ज्या तोंडाला सगळे साक्षीला ओढत होते, ते आईने स्वतःच मिटवून टाकले होते म्हणे.

काही शहाणे म्हणतात, वर्षानुवर्षे शेंदराचे थर बसून मुख बुजले असावे. मी शेंदूरच विकतो. या गावात एवढा शेंदूर कधी खपला असता, तर माझा माडीबंगला झाला असता. तेव्हा आईनेच मिटवले असे धरून चालू.

"साक्षीदारच गेला," पंत गाल धरून म्हणाले. "आता कोणाच्या शब्दावर बाजार ठेवू?"

तेव्हा कोंडाबाईने तोंडातले फुटाणे गिळले. "पंत, खडा आमच्या बाजारातला आहे," ती म्हणाली. "आम्ही वेचू. बाजार बोरमळ्याला नेलात तर खडाही गाडीत बसून येईल. मग जागा बदलून काय मिळालं?"

पंतांना हसू आले. हसताना दाढ दुखली, म्हणून आणखी हसू आले. ते म्हणाले, "मग असं करा. दर अवसेला हिच्यासमोर बसा. शपथ नको. ज्यानं त्यानं दुसऱ्याचं जे वापरलं तेवढंच बोलायचं. चांगलं असेल तर चांगलं आणि खडा असेल तर खडा, तोंडावर. दवंडी तूर्त थांबवतो. वर्षभर जमलं तर बाजार इथंच राहू द्या, असं मी सरकारांना सांगेन."

दवंडी पिटली गेली नाही. गुलाबशेट त्या दिवसापासून मेहुण्याकडे फुटाणे निवडायला बसू लागला, असे सांगतात. कोंडाबाई आणि निंबाजी यांचे बोलणे सुरू झाले का, ते कोणी सांगत नाही. पण तिने तीळ वाळत घातले आणि आभाळ आले, तर गोळा करायला तो धावायचा एवढे ऐकून आहे.

आजही आईला तोंड नाही आणि बाजार जागेवर आहे. आजही सावळपेठेत कोणी देवाची शपथ घेऊन माल विकत नाही. मी मात्र आता दोन फुटाणे तोंडात टाकतो, म्हणजे माझ्या अष्टगंधाबद्दल काही बोलून जायला नको. तुम्ही तेल घेणार असाल तर कोपऱ्यावरच्या वैजयंताबाईंकडे जा. आमच्या घरी तेच जाते. भांडी नंदलाल कासाराकडे पाहा, पण कढईचे कान हलवून घ्या, मागची माझी ढिली निघाली. आणि जाण्याआधी एवढे करा, पुन्हा इथे या आणि मी सांगितले तसे निघाले की नाही ते सांगा. भीड ठेवू नका, बरे वाटावे म्हणून वाढवू नका, राग आला म्हणून कापू नका. येत्या अवसेला तुमचे शब्द मला सगळ्यांसमोर ठेवायचे आहेत. तेव्हा मंडळी, हा हिशेब चोख ठेवा.