तिसऱ्या हाकेची वाट

फार पूर्वी खाडीच्या काठावर एक गाव होतं, आणि त्या गावात तीन या आकड्याला देवाइतका मान होता.

गावाचं म्हणणं असं, की सगळं जग तीनवर उभं आहे. स्वर्ग, पृथ्वी, पाताळ असे लोक तीन. काल, आज, उद्या असे काळ तीन. दत्ताची शिरं तीन, शंकराच्या बेलाची पानं तीन. चूलसुद्धा दोन दगडांवर उभी राहत नाही, तिसरा लागतोच. शपथ तीनदा घेतली तरच ती शपथ. तीनला जसा मान होता तशी तीनची भीतीही होती. ताटात कोणी तीन भाकऱ्या वाढत नसे आणि तिघं मिळून कोणी परगावी निघत नसे.

सगळ्यांत कडक नियम धुक्याचा होता. थंडीत खाडीवर धुकं उतरलं की बांधावर उभ्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नसत. अशा धुक्यात चकवा फिरतो, असं गाव मानत असे. चकवा म्हणजे वाट चुकवणारं भूत. तो ओळखीच्या माणसाचा आवाज काढून हाक मारतो आणि जो जाईल त्याला गाळात ओढतो. पण तिसरी हाक मारायची ताकद त्याच्यात नसते. म्हणून धुक्यातून हाक आली की ओ द्यायची नाही, पाऊल टाकायचं नाही. तिसरी हाक आली तरच तो माणूस.

त्या गावात दोन भाऊ राहत होते. थोरला शांत, धाकटा उतावळा. ताट मांडायच्या आधी हा जेवून उठतो, असं म्हणून लोक धाकट्याला हसत. आईबाप लवकर गेले होते. धाकट्याला थोरल्यानेच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. ओहोटी लागली की दोघं खाडीत उतरून खडकावरची कालवं काढत आणि थोरल्याची बायको ती बाजारात विकत असे.

एकदा कालवाच्या धारदार शिंपेने धाकट्याचा पाय चिरला. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरला एकटाच पाटी घेऊन निघाला. धाकट्याला त्याने बांधावर बसवलं आणि हसत म्हणाला, "बस म्हणजे बसायचं. नाहीतर तुझ्या बुडाला मुंग्या लागतात."

थोडा वेळ गेला आणि धुकं उतरलं. आधी समोरचा खडक गेला, मग पाणी गेलं, मग बांधाची कडही दिसेना. खाडीत उतरलेली बाकीची माणसं एकेक करून परत आली. थोरला आला नाही.

तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

धाकटा उठलाच. शेजारी गावाचा प्रमुख, म्हातारा गावकार उभा होता. त्याने धाकट्याचं मनगट धरलं.

"पोरा, ओ देऊ नकोस."

"आबा, दादाचा आवाज आहे."

"त्याचाच असणार. चकवा परक्याचा आवाज कशाला काढेल?"

बांधावरची सगळी माणसं गप्प झाली. मग दुसरी हाक आली. ही बारीक होती आणि शेवटी तुटल्यासारखी झाली.

आता फक्त एक हाक हवी होती. सगळे कान लावून उभे राहिले. खाली भरतीचं पाणी चढू लागलं होतं. ते दिसत नव्हतं, पण खेकड्यांच्या बिळांत शिरताना त्याचा बुडबुड आवाज येत होता. आधी लांब, मग जवळ. आता मारील, धाकटा मनात म्हणत होता. आता मारील. जन्मात कधी थांबला नव्हता तो माणूस थांबला. गावकाराचा हात काही फार घट्ट नव्हता. एका हिसड्यात सुटला असता. पण धाकटा घाबरला होता.

तिसरी हाक आली नाही.

गावकाराने मोठा श्वास सोडला, धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "वाचलास." थोरला पलीकडच्या काठाला लागला असेल, धुकं सरलं की येईल, असं सगळ्यांचं बोलणं झालं. धाकट्यालाही क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

दुपारी धुकं गेलं आणि पाणी ओसरलं. थोरला बांधाच्या खालीच होता. गाळात छातीपर्यंत रुतलेला, तोंड बांधाकडे केलेलं. इतका जवळ, की वरून दोर टाकला असता तर त्याच्या हातात पडला असता.

गावकार वाईट माणूस नव्हता. तो प्रेताजवळ बसून रडला. पण रडता रडता म्हणाला, की याने तिसरी हाक मारली असती तर सगळं गाव धावलं असतं.

थोरल्याची बायको नवऱ्याच्या तोंडावरचा गाळ पुसत होती. ती म्हणाली, "मारली असेल, आबा. तोंडात पाणी गेल्यावर हाक बाहेर येत नाही."

यानंतर गाव शहाणं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. गाव जास्त घाबरलं. थोरलाच आता चकवा झाला, असं लोक म्हणू लागले. धुकं दिसलं की दारं लागायची, पोरांना कवटाळून आया आत बसायच्या. धाकटा मात्र धुक्यात बांधावर जाऊन बसे. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

अशाच एका सकाळी होड्या ओढून घ्यायला काही माणसं बांधावर आली होती. गावकारही होता. धुकं दाट होतं. आणि खालून हाक आली. थोरला रुतला होता तिथूनच. शब्द कळले नाहीत, पण आवाज ऐकून सगळ्यांच्या अंगावर काटा आला. धाकट्याला वाटलं, दादाच.

माणसं मागे सरली. गावकार हलक्या आवाजात म्हणाला, "जाऊ नकोस. तो तुला न्यायला आलाय."

"आला असेल," धाकटा म्हणाला. "मागच्या वेळी मी गेलो नव्हतो."

त्याने होडीतली एक फळी ओढून काढली, दोर कमरेला बांधला. दोराचं दुसरं टोक धरायला कोणी पुढे येईना. थोरल्याची बायको हाक ऐकून घरातून धावत आली होती, तिने ते हाताला गुंडाळून घेतलं. धाकटा दुसऱ्या हाकेसाठी थांबला नाही. "आलो, आलो" असं ओरडत तो गाळात उतरला. ओरडताना त्याचा आवाज रडल्यासारखा येत होता.

फळीवर पालथा पडून तो पुढे सरकत राहिला. मागचा बांध नाहीसा झाला. पुढे काही नव्हतं. नुसता पांढरा धूर आणि पाण्याचा बुडबुड आवाज. अचानक एका गार हाताने त्याचं मनगट पकडलं. हात झटकून मागे पळावं, असं त्याला वाटलं.

त्याने तो हात धरला आणि दोराला हिसका दिला.

एकट्या बाईच्याने दोर ओढवेना. ती ओढत होती आणि घसरत होती. ते बघून गावकार पुढे झाला आणि त्याने दोराला हात घातला. मग बाकीचे आले. सगळ्यांनी मिळून ओढलं तेव्हा धाकट्याबरोबर गाळाने माखलेला एक म्हातारा बांधावर आला. तो गावोगाव फिरणारा कल्हईवाला होता. वाट चुकून खाडीत शिरला होता, आणि पाठीवरच्या भात्याच्या ओझ्याने रुतला होता.

शेकोटी पेटवून त्याला ऊब दिली, पेज पाजली. त्याचे दात वाजायचे थांबले तेव्हा गावकाराने विचारलं, की बाबा, तुम्ही एकदाच हाक मारून गप्प का झालात.

कल्हईवाल्याने भोवतीच्या सगळ्या तोंडांकडे पाहिलं.

"वर माणसांची कुजबुज ऐकू येत होती," तो म्हणाला. "मी हाक मारली तशी ती बंद झाली. बराच वेळ ओ कोणी देईना. मला वाटलं, मी भुतांच्या गावाला लागलो. म्हणून भिऊन गप्प बसलो."

गावकाराने मान खाली घातली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: आकड्याला मान द्यावा, पण माणसाची हाक मोजत बसू नये. पहिल्या हाकेलाच ओ द्यावी, कारण पुढची हाक मारायला तो माणूस उरेलच असं नाही.