कंट्रोल पी म्हणजे आप्पासाहेब!

वधूपित्यानं लग्नपत्रिकांचा गठ्ठा आप्पासाहेब थोरव्यांच्या टेबलावर आदळला.

"माझ्या लेकीशेजारी हा कोण?"

आप्पासाहेबांनी चष्मा लावला. पत्रिकेवर नवरीचा सुरेख फोटो होता. आणि शेजारी, नवरदेवाच्या जागी, फेटा बांधून, मिशीला पीळ भरून खुद्द आप्पासाहेब!

पाचशे पत्रिका रद्दीत गेल्या. थोरवे मुद्रणालयाची तालुक्यात छी थू झाली. आप्पासाहेबांनी दोन्ही ऑपरेटरांना, सुगंधा मुळीक आणि म्हाताऱ्या गफूरचाचांना, समोर उभं केलं.

"फोटो कुणी घातला?"

"तुम्हीच घातलात, मालक," सुगंधा म्हणाली.

"मी?"

"छापायला म्हणून चाचांनी कंट्रोल पी दाबलं, छापेना म्हणून मग माउसनं छापलं. कंट्रोल पी वर तुम्ही बसलाय!"

खोटं नव्हतं ते. पत्रिकांचं सॉफ्टवेअर आप्पासाहेबांनी पुण्याहून खास करून घेतलं होतं आणि त्यातले शॉर्टकट स्वतः ठरवले होते. ऑपरेटरांना विचारायचं? छे! मालक कोण? 'मराठी छापखान्याला मराठी शॉर्टकट!' असा बाणा. चौकटीला सी. सजावटीला एस. अख्खी पत्रिका पुसून टाकायची, त्याचं नाव विसर्जन, त्याला व्ही. आणि प्रोप्रायटरच्या फोटोला पी. प्रोप्रायटर हा शब्द मराठी कधी झाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. साऱ्या जगाची बोटं सी नं कॉपी आणि व्ही नं पेस्ट करतात. इथं कॉपी करायला जावं तर चौकट पडे, सेव्ह करायला जावं तर झेंडूची फुलं उगवत, आणि पेस्ट करायला जावं तर पत्रिकेचं विसर्जन!

"शॉर्टकट चांगलेच आहेत, तुमची बोटं अडाणी आहेत!" आप्पासाहेब गरजले. "पण ठीक आहे. एवढी शहाणी आहेस ना? मग तूच कर नवे. पत्रिकेची चाळीस कामं आहेत, चाळीसही कामांना शॉर्टकट पाहिजे. एकही सुटता कामा नये. माउसला हात लागता कामा नये. आणि कुणाला पाठांतर करावं लागता कामा नये! सोमवारी मी स्वतः बसून बघणार. जमलं नाही, तर दोघंही बाइंडिंग खात्यात खळ लावायला!"

बाहेर आल्यावर गफूरचाचा खाली बसले. "बेटी, छपाईचे खिळे जुळवण्यात उमर गेली माझी. चाळीस कळा आता ह्या डोक्यात शिरायच्या नाहीत. मी आपली खळच लावतो."

म्हातारा खळीच्या डब्यापाशी बसलेला सुगंधाच्यानं बघवणार नव्हता. दोन दिवस तिनं एकच केलं. कुठलं काम किती वेळा होतं, त्याच्या रेघा कागदावर ओढल्या. चाळिसांतली सात कामं दिवसभर होत होती. बाकीची क्वचित. काहींना तर एकही रेघ नव्हती, आणि त्यांत आप्पासाहेबांचा फोटो पहिला!

मग तिनं पुण्याच्या संगणकवाल्याला फोन लावला आणि काय हवं ते सांगितलं.

"अर्ध्या दिवसाचं काम आहे, ताई," तो म्हणाला.

"मग आधीच का नाही केलंत?"

"मालकांनी विचारलं नाही, नुसतं सांगितलं!"

सोमवारी आप्पासाहेब खुर्चीत बसले. मजकूर उचलला, चिकटवला, सेव्ह केला. घरच्या संगणकावरची सवय, बोटं आपोआप चालली. कंट्रोल पी दाबलं, तर मुकाट्यानं पत्रिका छापून आली.

"हं! हे सोपं होतं. आता मला गणपती पाहिजे, वर मधोमध. त्याचा शॉर्टकट मला माहीत नाही. बोल!"

"एफ दोन दाबा."

एक छोटी चौकट उघडली.

"त्यात लिहा, गण."

आप्पासाहेबांनी दोन अक्षरं लिहिली. खाली 'गणपतीचं चित्र' असं नाव आलं. एंटर दाबताच गणपती मधोमध विराजमान झाले.

"आणि तोरण?"

"एफ दोन, तोर."

"वंशवेल?"

"एफ दोन, वंश."

आप्पासाहेबांनी खुर्ची गर्रकन फिरवली. "फसवतेस होय? मी चाळीस शॉर्टकट मागितले, तू सात-आठ देऊन बाकीच्यांना एकच लावलास!"

"तुम्ही म्हणालात, चाळीसही कामांना शॉर्टकट पाहिजे. आहे. माउस नको म्हणालात. हात लागला? पाठांतर नको म्हणालात. केलंत? प्रत्येकाला वेगळा पाहिजे, असं कुठं म्हणालात?"

गफूरचाचांना ठसका लागला.

"माझ्या फोटोला पी होता, त्यात वाईट काय होतं?"

"फोटो झकास आहे, मालक. पण नवरीशेजारी नवराच बरा! आता एफ दोन दाबून तुमचं नाव लिहिलं की हजर होता. बोलावल्याशिवाय नाही."

आप्पासाहेबांची मिशी थरथरली. पण हार मानतील ते थोरवे कसले! त्यांनी पडद्यावरच्या यादीतला विसर्जनाचा शॉर्टकट दाबून पाहिला. "आणि हे विसर्जन? एवढा लांबलचक शॉर्टकट? तीन कळा, त्याही कीबोर्डाच्या दोन टोकांना! दोन्ही हात लावावे लागतात, वर आणखी 'नक्की पुसू का?' म्हणून विचारतंय! हे तुझं सोपं?"

"नाही मालक, ते मुद्दाम अवघड केलंय," सुगंधा म्हणाली. "लग्न जुळवायला दोन घरं लागतात. मोडायला निदान दोन हात तरी लागू देत!"

मग आप्पासाहेब असे खदाखदा हसले, की पलीकडं बाइंडिंगवाल्यांनी कामं थांबवली. हसता हसता त्यांनी नेमणुकीचे दोन कागद मागवले. एकावर सुगंधा मुळीक संगणक खात्याची मुख्य झाली, पगार दीडपट. दुसऱ्यावर गफूरचाचांची खुर्ची कायम झाली. दोन्हींवर आप्पासाहेबांनी तिथल्या तिथं सही ठोकली.