शिखरावरची तुला

एका मुलखात इतका उंच डोंगर होता, की पृथ्वीच्या मध्यापासून पायथा जितका लांब, त्याच्या दुप्पट लांब त्याचं शिखर. तिथं पृथ्वीची ओढ चौथाईच उरायची. माणसं पिसासारखी चालायची आणि ढग खाली निजलेले दिसायचे.

त्या मुलखाचा राजा भूपसेन दरवर्षी वाढदिवसाला धान्यानं आपली तुला करी आणि ते धान्य गावाला वाटी. त्या साली दुष्काळ पडला. गाव त्या धान्याकडेच डोळे लावून बसलं होतं. राजाचा हात मात्र आखडला. तो म्हणाला, "यंदा तुला शिखरावर!"

नेहमीइतकी पोती घेऊन सगळे वर गेले. राजा पारड्यात बसून म्हणाला, "इथं माझं वजन चौथाई. तेव्हा चौथाई धान्य घाला, उरलेलं माझ्या कोठारात."

गावातली म्हातारी भागाई म्हणाली, "बरं महाराज. तराजू तेवढा उचलू द्या."

चौथाई धान्य दुसऱ्या पारड्यात घालून तराजू उचलला. राजाचं पारडं जमिनीवरून हललंच नाही.

"तराजू खोटा आहे!" राजा ओरडला. "मी हलका झालोय ना?"

"झालात की," भागाई हळूच म्हणाली. "पण धान्यही तितकंच हलकं झालंय. महाराज, तुम्ही हलके झालात, कमी नाही झालात. आमची भूकही तशीच आहे बघा."

मग राजानंच उरलेलं धान्य घालायची हातानं खूण केली. दाणे फुलांसारखे सावकाश पडू लागले आणि राजा अलगद वर आला.

उतरताना डोक्यावरची पोती पावलागणिक जड होत गेली. कुणी कुरकुरलं नाही.