कौसल्याबाईंचा कबुलीजबाब

निवृत्त नर्स कौसल्याबाई गुंजाळ यांना एका सकाळी फोन आला. "बँकेतून बोलतोय. तुमचं कार्ड बंद पडतंय, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगा." बाईंनी भाबडेपणाने सांगितला आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी साठवलेले साठ हजार रुपये खात्यातून गेले.

बाईंनी लगेच तक्रार केली. चार दिवसांनी मॅनेजर बेलसरे यांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"पैसे आपल्याच शाखेतल्या एका खात्यात गेले आणि तिथून कुणीतरी काढून नेले. खातेदाराचा पत्ता खोटा निघाला."

"मग त्याला खातं दिलं कुणी?"

"आम्हीच. आधार, फोटो, सही, सगळं नीट तपासून!" बेलसरे खुर्चीत रेलले. "पण बाई, अनोळखी माणसावर तुम्ही विश्वास ठेवलातच कसा? चूक तुमचीच. तसं लिहून द्या, हेड ऑफिसला पाठवतो आणि प्रकरण मिटवतो."

बाईंना संताप आला, पण त्यांनी निमूटपणे कागद पुढे ओढला आणि लिहिलं, 'ज्या माणसाला बँकेने समोर बसवून, कागदपत्रं तपासून खातं दिलं, त्याच्यावर मीही फोनवर दोन मिनिटं विश्वास ठेवला. ही माझी चूक मला मान्य आहे.'

सही करून त्या म्हणाल्या, "शिक्का मारा आणि पोच द्या."

बेलसरेंनी कागद दोनदा वाचला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

"बाई, पैशांचं मी बघतो. एवढा कागद तुम्ही परत घ्या."

"घेईन की. पैसे जमा झाले की लगेच घेईन."

आठव्या दिवशी बाईंनी कागद परत घेतला.